आम्ही हॉकीचा कोच निवडतो

प्राचार्यांनी मला केबिनमध्ये बोलावून खुर्चीवर बसायला सांगितलं, तेव्हाच शंका यायला हवी होती. ते उभ्या माणसाला कामं सांगतात आणि बसलेल्या माणसाला संकटं.

"सर, मुलींच्या हॉकी संघाला मुख्य प्रशिक्षक नेमायचाय. निवड समितीत मी, विद्यापीठाचा एक तज्ज्ञ आणि प्रमुख म्हणून तुम्ही."

"मी? अहो, मी भूगोल शिकवतो."

"मग? मैदानं तुमच्याच विषयात येतात ना?"

"येतात. पण गाळाची."

"झालं तर मग," असं म्हणून त्यांनी फाइल माझ्याकडे सरकवली आणि दुसरी फाइल उघडून तिच्यात इतक्या घाईने डोकं घातलं की मला निघून जाण्यावाचून गत्यंतर उरलं नाही.

आधीचा कोच दोन ओळींचा राजीनामा ठेवून गेला होता. महिनाअखेरपर्यंत नवा नेमला नाही तर विद्यापीठाकडची संघाची नोंदणी रद्द होणार होती, आणि संस्थेतल्या काही मंडळींनी मैदानाकडे वाहनतळ म्हणून बघायला सुरुवातही केली होती. त्यातले दोघे तर एका दुपारी मोजपट्टी घेऊन आलेले मी स्वतः पाहिले होते. तेव्हा मला वाटलं, हौस म्हणून मोजत असतील.

केबिनच्या बाहेरच संघाची कॅप्टन उभी होती. तिसऱ्या वर्षाची उंच मुलगी, हनुवटीवर चिकटपट्टी.

"सर, कोच तुम्ही निवडणार?"

"हो."

"बरं," ती म्हणाली. त्या एका 'बरं'मध्ये तिने माझी शरीरयष्टी, माझा चष्मा आणि माझं एकूण आयुष्य यांचा आढावा घेतला. "आम्ही चौदा जणी आहोत, सर. कोच आला नाही तर आम्हाला कॅरमच्या संघात घालणारेत म्हणे."

"कॅरमही चांगला खेळ आहे," असं काहीतरी मी बोललो. काही वाक्यं तोंडातून सुटल्याबरोबर परत ओढून घ्यावीशी वाटतात, त्यातलं ते एक.

घरी बातमी सांगितली तेव्हा बायको कपड्यांच्या घड्या घालत होती. तिचे हात थांबले.

"तुम्ही निवडणार? तुम्ही निवडलेला प्लंबर आठवतोय का?"

"तो विषय वेगळा होता."

"विषय पाण्याचाच होता. दोन दिवस आपलं पाणी खालच्या वहिनींच्या हॉलमध्ये होतं."

एखाद्या घरात कुणी आजारी पडलं की जसे सल्ले येतात तसे मला सल्ले यायला लागले. वरच्या मजल्यावरचे काका जमीनमोजणी खात्यातून निवृत्त झालेले. त्यांनी मला जिन्यातच गाठलं. "माणूस निवडताना त्याची चाल बघा. कागद नंतर," असं म्हणून त्यांनी विश्वासू माणूस कसा चालतो आणि लबाड माणूस कसा चालतो हे जिन्याच्या सात पायऱ्यांवर दोनदा करून दाखवलं. मला दोन्ही चाली सारख्याच वाटल्या, पण मी मान डोलावली. खालच्या वहिनींनी त्यांचा भाचा सुचवला. तो क्रिकेटवाला होता. "हॉकी काय, क्रिकेट काय, हातात फळीच असते ना?" असं त्यांचं म्हणणं. प्लंबरप्रकरणानंतर त्यांच्याशी वाद घालायचा नैतिक अधिकार मला राहिलेला नाही, म्हणून भाच्याचा नंबर लिहून घेतला. न्हाव्याने सांगितलं, "साहेब, मनगट बघा. खेळाडूचं सगळं मनगटात असतं." हे सांगताना त्याने स्वतःचं मनगट फिरवून दाखवलं. त्या मनगटाच्या टोकाला वस्तरा होता, त्यामुळे माझा डावा कल्ला उजव्यापेक्षा बोटभर वर गेला. मेहुण्याने फोन केला, "भावोजी, प्रोसेस महत्त्वाची," आणि छत्तीस स्लाइड पाठवल्या. त्यांतल्या एकीवरही हॉकी हा शब्द नव्हता.

आता जाहिरात. जाहिरात देणं म्हणजे मला दोन ओळी लिहून देण्याचं काम वाटलं होतं. आमच्या हेडक्लार्कनी ते ऐकून माझ्याकडे दयेने पाहिलं.

"सर, दोन ओळी कुणीही लिहील. नमुना लागतो, नमुना."

"मग घ्या नमुना."

"कोचचा नमुना नाही. प्राध्यापकाचा आहे, माळ्याचा आहे आणि प्रयोगशाळा परिचराचा आहे. कोच प्राध्यापक होत नाही. माळ्यात बसवला असता, पण त्या नमुन्यात मैदानावर पाणी मारायची अट आहे, नंतर भांडण नको. परिचरात बसवतो."

मी म्हटलं, बसवा. शब्द बदलतील, वाक्यं बदलतील, एवढा विश्वास माणसाने माणसावर टाकावा असं मला वाटत होतं. रविवारी जाहिरात छापून आली. 'मुख्य हॉकि प्रशिक्षक पाहिजे. काचसामान हाताळण्याचा किमान तीन वर्षांचा अनुभव आवश्यक. उमेदवाराची प्रात्यक्षिक परीक्षा घेतली जाईल.'

मी पेपर घेऊन तसाच हेडक्लार्कच्या घरी गेलो. त्यांनी जाहिरात तीनदा वाचली, कपाळाला आठ्या घातल्या आणि म्हणाले, "चूक झाली खरी. उद्याच शुद्धिपत्रक देतो." त्यांच्या तत्परतेने मला भरून आलं. मंगळवारी शुद्धिपत्रक आलं: 'हॉकि ऐवजी हॉकी असे वाचावे.'

"आणि काच?" मी जवळजवळ ओरडलो.

"काच मंजूर नमुन्यात आहे, सर. ती काढायची तर मंजुरी नव्याने. तीन महिने धरा."

महिनाअखेर एकोणीस दिवसांवर होती. मी काच राहू दिली.

एक्केचाळीस अर्ज आले. त्यांपैकी बत्तीस प्रयोगशाळा परिचरांचे होते, आणि त्यांतल्या बऱ्याच जणांनी 'हॉकीही शिकण्याची तयारी आहे' असं नम्रपणे लिहिलं होतं. सहा जण खरोखरीचे प्रशिक्षक होते. त्यांच्या अर्जांवर हेडक्लार्कनी लाल शाईने 'काचेचा अनुभव नाही' असं लिहून ते बाजूला ठेवले. एकाचा संघ सलग चार वर्षं विद्यापीठात पहिला आला होता. त्याचा अर्ज मी दोनदा गठ्ठ्यातून वर काढला, हेडक्लार्कनी दोनदा परत खाली ठेवला. परिचरांच्या अर्जांवर 'हॉकीचा अनुभव नाही' अशी लाल शाई पडली. चाळणीतून तिघे उरले. एक चष्म्याच्या दुकानाचा मालक, ज्याने हॉकीच्या रकान्यात नुसतं 'हो' लिहिलं होतं. एक बाई, ज्या एका रक्ततपासणीच्या लॅबमध्ये कामाला होत्या आणि संध्याकाळी एका शाळेच्या मुलींना हॉकी शिकवत होत्या. आणि तिसरे आमच्या संस्थेच्या अध्यक्षांचे जावई.

जावईबापूंचा काचेचा दाखला कुठल्याशा नातेवाइकाच्या बाटल्यांच्या कारखान्याचा होता. तारीख तीन वर्षांपूर्वीची, शाई मात्र बोटाला लागत होती. जावईबापू दोन वर्षांपासून सासऱ्यांकडेच राहत होते, आणि त्यांना दिवसातून निदान चार तास घराबाहेर काढावं एवढीच अध्यक्षांची साधी अपेक्षा होती. मुलीचा बाप म्हणून त्यांची ती अपेक्षा मला समजत होती. फक्त त्यासाठी चौदा मुली का, एवढं कळत नव्हतं.

प्राचार्यांनी मला पुन्हा बसायला सांगितलं.

"सर, तुमची विभागप्रमुखपदाची फाइल कुठे आहे सध्या?"

"सात महिने झाले, अध्यक्षांच्या टेबलावर आहे."

"जावईबापूंचा अर्जही तिथूनच आला. दोन्ही कागद एकाच टेबलावर होते, हा आपला योगायोग." त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं. "मला निवृत्तीला दोन वर्षं राहिलीत. मी काही म्हणत नाही."

काही न म्हणणं इतक्या स्पष्टपणे म्हटलेलं मी आयुष्यात पहिल्यांदाच ऐकलं. घरी येऊन बायकोला सांगितलं. विभागप्रमुखाला स्वतंत्र खोली असते आणि दारावर पाटी असते. त्या पाटीवर माझ्या पदव्या कोणत्या क्रमाने याव्यात हे तिने मनाशी ठरवून ठेवलेलं होतं.

"त्या जावयाला खेळता येतं का?" तिने विचारलं.

"माहीत नाही."

"मग आधी ते तर बघा. घाबरायचं नंतर बघू."

मुलाखतीच्या दिवशी विद्यापीठाने क्रीडातज्ज्ञ म्हणून पाठवलेले गृहस्थ नऊ वाजताच येऊन बसले होते. पांढरे केस, इस्त्रीचा सदरा, शांत चेहरा. मी उत्साहाने विचारलं, "आपण कोणत्या जागेवर खेळायचात?"

"मी बुद्धिबळाचा पंच आहे," ते म्हणाले.

शिपायाने विचारलं, चहात साखर घालू का. ते विचारात पडले. बराच वेळ विचार करून त्यांनी "अर्धा चमचा" असं उत्तर दिलं, तोवर चहा निवला होता.

चष्मेवाले आधी आत आले. सज्जन माणूस. 'हॉकी' हे एखाद्या कंपनीचं नाव असावं आणि तिला काचेतला माणूस हवा असावा, अशी त्यांची समजूत झाली होती. ती दूर केल्यावर ते मोकळेपणाने हसले, अर्ज मागे घेतला, आणि आलोच आहोत तर म्हणून प्राचार्यांच्या चष्म्याची ढिली काडी घट्ट करून दिली. त्या दिवशीचं ते एकमेव पूर्ण झालेलं काम.

आता जाहिरातीत प्रात्यक्षिक परीक्षेची अट होतीच. कॅप्टनने ती पाठ केली होती. "सर, दोघांनाही अर्धा अर्धा तास आमच्याबरोबर मैदानावर द्या. नियमातच आहे." हेडक्लार्कनी नमुना तपासला आणि जड मनाने मान हलवली. आम्ही सगळे मैदानावर गेलो. तिथे कळलं की गोलकीपर मुलीची त्याच वेळी रसायनशास्त्राची परीक्षा आहे.

"सर, तुम्ही उभे राहा ना," कॅप्टन म्हणाली.

"मी?"

"गोलमध्ये नुसतं उभंच राहायचंय. तुम्हाला तासभर उभं राहायची सवय आहे की."

चौदातल्या तेरा जणी माझ्याकडे बघत होत्या. नाही म्हणायला जी माणसं शिकलेली असतात त्यांच्यात मी नाही. पायांना गाद्या बांधल्या, छातीला चिलखत, डोक्यावर हेल्मेट. त्या हेल्मेटमध्ये अनेक वर्षांच्या पराभवांचा वास होता. आरसा नव्हता, पण मी कसा दिसतो ते प्राचार्यांनी तोंडावर रुमाल धरला त्यावरून कळलं.

जावईबापू नव्या कोऱ्या बुटांत आले. बुटाच्या तळव्याला किमतीचं लेबल तसंच होतं. त्यांनी आधी विजयी मानसिकतेवर भाषण केलं. मग मुलींना मैदानाच्या बारा फेऱ्या मारायला सांगितल्या आणि सावलीत जाऊन फोन घेतला. फेऱ्या संपल्यावर त्यांनी एका डावखुऱ्या मुलीला पाहिलं आणि आस्थेने म्हणाले, "काळजी करू नकोस हं. मी आलो की तुझ्यासाठी डाव्या हाताच्या स्टिका मागवू."

मुली एकमेकींकडे बघायला लागल्या. मी कॅप्टनला हळूच विचारलं, "काय झालं?"

"सर, हॉकीत डावी स्टिक नसतेच. सगळ्यांना उजवीच."

मला हे माहीत नव्हतं. पण मी भूगोलाचा होतो.

मग बाई आल्या. चाळिशी ओलांडलेल्या, बुटक्या, लॅबमधून थेट आल्यामुळे अंगाला स्पिरिटचा वास. त्यांच्या गळ्यात शिट्टी नव्हती. त्यांनी मुलींना ओळीत उभं केलं आणि प्रत्येकीला एकच विचारलं, "कुठे दुखतंय?" पहिल्या दोघी लाजल्या. तिसरीने खांदा दाखवला. मग एकेक करून घोटे, बोटं, पाठी बाहेर यायला लागल्या. कॅप्टनची पाळी आली तेव्हा ती म्हणाली, "गुडघा. सहा महिने." हे संघात कुणालाच माहीत नव्हतं, असं बाकीच्यांच्या तोंडावरून दिसलं. बाईंनी तिला बाजूला बसवलं नाही. बाकीच्या मुलींच्या जागा अशा बदलल्या की तिला कमी धावावं लागेल.

मग त्या माझ्याकडे वळल्या.

"सर, डोळे मिटू नका."

"मी नाही मिटत."

"मिटताय. बॉल मारायच्या आधीच मिटताय. आणि दोन पावलं पुढे या. तुम्ही मागे राहिलात की समोरच्याला गोल मोठा दिसतो. पुढे आलात की लहान."

हे मला चटकन पटलं. हा सरळसरळ नकाशाच्या प्रमाणाचा प्रश्न होता. मी दोन पावलं पुढे आलो, डोळे उघडे ठेवले. एका मुलीने चेंडू मारला. तो माझ्या डाव्या पायावर धाडकन आदळून बाहेर गेला. मी काहीही केलं नव्हतं, नुसता त्या जागी होतो; पण मुली ओरडल्या, "अडवला! सरांनी अडवला!" सव्वीस वर्षं शिकवतोय. माझ्या कुठल्याही कामगिरीवर कुणी ओरडलं नव्हतं. मी प्रेक्षकांकडे वळून किंचित झुकलो, म्हणजे अभिवादन म्हणून, आणि तेवढ्यात दुसरा चेंडू आला. तो ज्या भागावर लागला तिथे गादी नसते. पुढचा आठवडाभर मी स्टाफरूममध्येही उभाच होतो, एवढं सांगितलं की पुरे.

केबिनमध्ये परत आल्यावर प्राचार्यांनी बाईंना विचारलं, "हा संघ तुम्ही जिंकवून दाखवाल का?"

"यंदा नाही," बाई म्हणाल्या. "यंदा नीट हरू. पुढच्या वर्षी विचारा."

हाच प्रश्न जावईबापूंना विचारला होता तेव्हा त्यांनी तीन चषकांचं आश्वासन दिलं होतं.

मग गुणांचे कागद आले. प्राचार्यांनी माझ्याकडे न बघता कागद भरला. तो काय असणार हे मला माहीत होतं, आणि मला माहीत आहे हे त्यांना माहीत होतं. मी पेन उघडलं. खरं सांगतो, मला शूर वगैरे काही वाटत नव्हतं. मला अध्यक्षांचं टेबल दिसत होतं, त्यावरची माझी फाइल दिसत होती, दारावरची पाटी तर अक्षरांसकट दिसत होती. वाटलं, भूगोलाच्या माणसाला हॉकीतलं काय कळतं, असं उद्या म्हणता येईल. पण गंमत अशी झाली होती की आता मला थोडं कळत होतं. मागे राहिलं की गोल मोठा दिसतो एवढं तरी. मी बाईंना जेवढे द्यायचे तेवढे गुण दिले, जावईबापूंना जेवढे द्यायचे तेवढे दिले, आणि खाली सही करताना आडनावातला एक काना विसरलो.

बेरीज केली. प्राचार्यांनी आणि मी दिलेले मिळून दोन्ही उमेदवारांचे गुण समान. आम्ही दोघेही बुद्धिबळाच्या पंचांकडे बघायला लागलो.

ते कागद समोर ठेवून बसले. भिंतीवरचं घड्याळ टिकटिकत होतं. हेडक्लार्क दोनदा आत डोकावून गेले. प्राचार्यांनी नुकताच दुरुस्त झालेला चष्मा काढला, पुसला, घातला, पुन्हा काढला. बावीस मिनिटांनी पंचांनी पेन उचललं, दोन आकडे लिहिले आणि कागद आमच्याकडे फिरवला. बाई पंधरा गुणांनी पुढे होत्या.

"का हो?" प्राचार्यांनी क्षीण आवाजात विचारलं.

"ते गृहस्थ स्वतः कुठे उभं राहायचं ते बघत होते," पंच म्हणाले. "त्या बाई बाकीच्यांना कुठे उभं करायचं ते बघत होत्या." मग ते उठले, नमस्कार केला आणि निघून गेले. दिवसभरात त्यांनी बोललेली एवढीच लांब वाक्यं.

जावईबापू बाहेर बाकावर बसले होते. मी कानकोंडा होऊन त्यांना निकाल सांगितला. त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला. "सुटलो, सर," ते हळू आवाजात म्हणाले. "मला धावायचा फार कंटाळा. पण घरी नाही म्हणता येत नव्हतं." मला माणूस एकदम आवडला.

अध्यक्षांना आवडायचं काही कारण नव्हतं. त्यांनी मला बोलावलं, बसायला सांगितलं नाही, आणि एकच प्रश्न विचारला: "आता ते दिवसभर घरात करणार काय?" माझ्या फाइलबद्दल मी विचारलं तेव्हा ते "बघू" म्हणाले. ते अजून बघतायत. बायकोने मात्र पाटीचा विषय परत काढला नाही. उलट पहिल्या सामन्याच्या दिवशी माझी जुनी टोपी शोधून दिली.

तो सामना तीन आठवड्यांनी झाला, दुसऱ्या एका महाविद्यालयाच्या मैदानावर. मी त्यांच्या इंग्रजीच्या प्राध्यापकांशेजारी बसलो होतो. मध्यंतरापर्यंत आम्ही तीन गोलांनी मागे होतो. मध्यंतरानंतर थोड्याच वेळात एक चेंडू गोलात गेला आणि मी ताडकन उठलो, टोपी उडवली, शेजारच्या प्राध्यापकांना मिठी मारली. त्यांनीही मला घट्ट मिठी मारली. त्यांनी इतक्या आनंदाने का मारावी, हा विचार मनात येईपर्यंत बराच वेळ गेला. मध्यंतरानंतर संघ बाजू बदलतात, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. चार-शून्य. आमच्या राखीव मुली माझ्याकडे ज्या नजरेने बघत होत्या ती नजर मी टोपीखाली लपून सहन केली.

त्यानंतर मी हलायचंच नाही असं ठरवलं. शेवटची दोन मिनिटं राहिली असतील. डावखुरी मुलगी उजव्या स्टिकने चेंडू घेऊन कडेकडेने निघाली, कॅप्टन बरोबर तिच्या समोर होती, एकही पाऊल जास्तीचं न धावता. चेंडू आला, तिने ढकलला, आणि गोलच्या आतल्या फळीवर ठक्क असा आवाज झाला. मी जागेवरून हललो नाही. आधी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, इंग्रजीच्या प्राध्यापकांकडे पाहिलं. ते बसून होते. राखीव मुली मात्र एकमेकींच्या गळ्यात पडून रडत होत्या. त्यांतली एक माझ्याकडे बघून ओरडली, "सर, हा आपला! दोन वर्षांतला पहिला!" मैदानाच्या कडेला बाई तेवढ्या उड्या मारत नव्हत्या. त्या हात उंच करून ओरडत होत्या, "जागेवर या! अजून खेळ संपला नाही!"

मी उठलो आणि घसा बसेपर्यंत ओरडलो.

घरी पोचलो तेव्हा बायको दारातच होती.

"काय झालं? जिंकलात?"

"हरलो," मी घोगऱ्या आवाजात म्हणालो. "चार-एक."

"मग एवढे हसताय कशाला?"

"अगं, त्यातला एक आमचा होता."